ताईच्या पोटात जे होतं

माझी बहीण माझ्याहून काही मिनिटांनी मोठी आहे. आम्ही जुळ्या, आणि त्याही एका साच्यातल्या. लहानपणी आमच्या आईलासुद्धा हाक मारायच्या आधी मनगटातला दोरा बघावा लागे. तिच्या हातात काळा असायचा, माझ्या हातात लाल. त्या काही मिनिटांच्या जोरावर आईनं मला तिला 'ताई' म्हणायला लावलं. आता पन्नाशी उलटली तरी मी ताईच म्हणते. दर वेळी मनापासून म्हणते असं नाही.

लग्न होऊन ती श्रीवर्धनला गेली, मी किहीमला आले. तिच्या सासरी सुपारीची वाडी, माझ्या सासरी नारळाची. आम्ही नवराबायकोनं नारळांच्या मधल्या मोकळ्या जागेत खोल्या बांधल्या आणि सुट्टीला मुंबईहून येणाऱ्यांना द्यायला लागलो. गावातले लोक म्हणायचे, धाकटीनं चांगलं बस्तान बसवलं. मला मात्र ताईचंच बरं वाटायचं. तिच्याकडे येणारे पाहुणे खरेच पाहुणे होते. चादरीला वास येतो अशी तक्रार न करणारे. तिला मुलगी, मला मुलगा. माझा मुलगा दुबईला असतो. फोन करतो, 'जेवलीस का' विचारतो, मी 'हो' म्हटलं की त्याचं बोलणं संपतं. ताईची मुलगी घरी आली की आईच्या मागच्या पायरीवर बसून तिच्या डोक्याला तेल घालते. ते मी दोनदा पाहिलं. पुढे त्या वेळेला काहीतरी निमित्त काढून मी स्वयंपाकघरात जायला लागले.

पाळी जायची वेळ दोघींची साधारण एकदमच आली. माझी गेली ती मला भाजून काढून गेली. सकाळी मी अंगणात पाहुण्यांना घावणे वाढत असायचे, आणि छातीच्या खालून कुठून तरी एक वाफ उठायची. गळ्यावर, कानांवर, डोक्याच्या कातडीपर्यंत चढायची. ब्लाउज पाठीला चिकटायचा. पाहुण्यांमधली एखादी बाई विचारायची, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हणायचे, "चुलीपाशी होते ना." चूल तर आमच्याकडे केव्हाच गेली होती. थोड्या वेळानं तेच अंग थंड पडायचं आणि ओल्या ब्लाउजनं हुडहुडी भरायची.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. माझ्या पायात पूर्वी एकदा रक्ताची गाठ झाली होती, म्हणून हार्मोनच्या गोळ्या मला देता येणार नाहीत असं त्यांनी सांगितलं. "सुती कपडे घाला, चहा कमी करा, हे दिवस जातील," म्हणाल्या. मी घरी आल्यावर ताईला फोन लावला.

"तुला होतंय का गं असं?"

"कसं?"

"अंगातून वाफा निघतात. घाम."

ती जरा थांबली. आठवून बघत असावी. "मला तर काय न्हाय होत बाय," ती म्हणाली. "उन्हात घाम येतो, तेवढाच."

मी बरं म्हणून फोन ठेवला. मग खोल्यांमधल्या चादरी काढल्या आणि त्या धुवायच्या दगडावर इतक्या आपटल्या की नवरा बाहेर येऊन बघून गेला.

एक चेहरा, एक रक्त, एकाच आईच्या पोटात एकमेकींना चिकटून वाढलेल्या. आणि ही सुपाऱ्या वाळत घालते, गार अंगानं झोपते, आणि मी इथे उकळते. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. मला फक्त वाटत होतं की निम्मं तरी तिच्या वाट्याला यावं.

पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं मला सोया दुधाचं सांगितलं. "मी रोज घेते, मला खूप फरक पडला," म्हणाली. तेव्हापासून मी अलिबागहून सोया दुधाचे डबे आणायला लागले. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. नाक दाबून प्यायचे. वर्षभर प्यायले. काही फरक पडला नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी श्रीवर्धनला गेले होते. आगरदांड्याला फेरीबोट धरायची, पलीकडे दिघीला उतरायचं, तिथून पुढे. भाची सुट्टीवर आलेली होती. ती नवी मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करते. झाडापाल्यातली द्रव्यं माणसानं खाल्ल्यावर पोटात त्यांचं काय होतं, हा तिचा विषय. दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही तिघी पडवीत बसलो होतो. मी माझं सोया दुधाचं रडगाणं लावलं.

भाचीनं कान टवकारले. "मावशी, वर्षभर घेतलंस आणि काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग कदाचित तुझ्यात इक्वॉल बनत नसेल."

तिनं समजावून सांगितलं ते मला अजून बरंचसं आठवतं, कारण त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. सोयाबीनमध्ये डेडझीन नावाचं एक द्रव्य असतं. ते साखरेला बांधलेलं असतं. पोटात गेल्यावर ती साखर सुटते आणि डेडझीन मोकळं होतं. तिथून पुढचं काम शरीराला स्वतःला जमत नाही. ते मोठ्या आतड्यात राहणारे जीवाणू करतात. काही माणसांच्या आतड्यात असे जीवाणू असतात की ते या डेडझीनचं इक्वॉल करतात. इक्वॉल रक्तात जातं, अंगात बाईच्या हार्मोनसारखं थोडंसं वागतं, आणि मग लघवीवाटे बाहेर पडतं. काहींच्या आतड्यात ते जीवाणू नसतात. त्यांनी कितीही सोयाबीन खाल्लं तरी इक्वॉल होत नाही.

"म्हणजे दूध माझ्या पोटात जातं आणि तसंच जातं?"

"तसंच नाही गं. त्याचं दुसरं काहीतरी होतं. हे होत नाही, एवढंच. आणि इक्वॉल झालं की वाफा थांबतातच असंही कुणी छातीठोक सांगत नाही. कुणी म्हणतं उपयोग होतो, कुणी म्हणतं नाही."

"ताईचं काय?" मी विचारलं.

"आईचं काय? आई सोयाबीन खातच नाही."

"पण तिच्यात ते जीवाणू असतील तर?"

भाचीचे डोळे चमकले. एकसारख्या जुळ्या, दोन निराळ्या गावांत तीस वर्षं काढलेल्या. तिला आयतंच घबाड मिळालं होतं. तिनं आपल्या सरांना फोन करून विचारून घेतलं आणि आम्हा दोघींना कामाला लावलं. तीन दिवस दोघींनी सारखंच उकडलेलं सोयाबीन खायचं, आणि मग लघवी बाटलीत धरून द्यायची. ताईनं भिजवलेले दाणे बघून नाक मुरडलं. "घोड्याचा खुराक हाय हा," म्हणाली. पण लेकीचं मन मोडवेना म्हणून ओल्या नारळाचं वाटण लावून तिनं त्याची उसळ केली. मी तशीच खाल्ली. मीठसुद्धा वरून घेतलं नाही, उगाच परीक्षेत खोट नको.

बाटल्या मुंबईला न्यायच्या तर बर्फ हवा. दारात मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीकडून भाचीनं थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून घेतला. "पापलेट नेतेस का गो लेकी?" तिनं विचारलं. भाची म्हणाली, "व्हय, आईच्या हातचं." ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू येईना. त्या खोक्यात आमचा निकाल होता.

काही दिवसांनी भाचीचा फोन आला. मी खोलीतल्या पंख्यावरची धूळ पुसत स्टुलावर उभी होते.

"मावशी, आईचं भरपूर आलं. तुझं नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही गं."

मी स्टुलावरून उतरून पलंगाच्या कडेला बसले. बराच वेळ बसले असेन. ताईनं जन्मात सोयाबीन विकत घेतलं नव्हतं, पुढेही घेणार नव्हती. तिला वाफा नव्हत्याच, तेव्हा तिला त्याची गरजही नव्हती. आणि जीवाणू मात्र तिच्याकडे. मी वर्षभर पुठ्ठ्याचं पाणी पीत होते आणि जे जीवाणू त्याचं सोनं करतात ते तिच्या आतड्यात रिकामटेकडे बसले होते. मत्सराला मराठीत पोटात दुखणं का म्हणतात ते मला त्या दिवशी नीट कळलं.

नंतर मी भाचीला पुन्हा फोन केला. "हे तिच्याकडे आले कुठून? आम्ही तर एकाच आईच्या."

"नक्की सांगता येत नाही, मावशी. जन्मापासून काय खाल्लं, कुठे राहिलो, कुठली औषधं घेतली, त्यावर असतं. तुला लहानपणी विषमज्वर झाला होता ना? आजी सांगायची. तेव्हा खूप औषधं दिली असतील. त्यानं गेले असतील. किंवा तुझ्याकडे कधी नसतीलच."

विषमज्वर मला झाला होता, ताईला नाही. मी अंथरुणात पडलेली असताना ती मामाकडे रेवदंड्याला राहिली होती आणि तिथल्या म्हशींचं दूध पिऊन गुटगुटीत होऊन परत आली होती. मला ते सगळं एकदम आठवलं. आईनं दोघींना शेजारी उभं करून म्हटलं होतं, "आता दोऱ्याची गरज नाही, लांबून कळतंय कोण कोण ते."

पुढे मी जे केलं ते मी कुणाला सांगितलं नाही. पावसाळ्यात आमच्या खोल्या रिकाम्याच असतात. नवऱ्याला म्हटलं, ताईच्या वाडीत सध्या हाताला हात हवाय, जरा जाऊन येते. आणि गेले. तिच्याकडे राहायचं, तिच्या घरचं खायचं, तिच्या विहिरीचं पाणी प्यायचं, म्हणजे तिच्यातलं काहीतरी आपल्यात येईल असा माझा हिशोब. आधी फक्त तिच्या विरजणाचं दही खायचे. मग मी तिच्या ताटातलं घ्यायला लागले. ती जेवून उठली की ताट उचलायच्या निमित्तानं त्यातला उरलेला घास तोंडात टाकायचे. भाकरीचा तुकडा, कुळथाच्या पिठल्याचा कडेला चिकटलेला थर. तिच्या पेल्यातलं ताक. ती वाडीतून आली की तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचे आणि उरलेलं आपण प्यायचे. असे दिवसामागून दिवस गेले. कुठून तरी माझ्या पोटात हालचाल होतेय असंही मला वाटायला लागलं.

एक दिवस विहिरीपाशी आम्ही भांडी घासत होतो. ताई राख चोळता चोळता म्हणाली, "बाय, एक विचारू? तू माझं उष्टं का खातेस?"

मी हातातलं ताट घासत राहिले.

"मी बघते रोज. मला आपलं बरं वाटत होतं. लहानपणी खायचीस तशी खातेस, म्हटलं एवढ्या वर्षांनी बहिणीला माया आलीय." ती माझ्याकडे बघत होती. "पण काल माझ्या पेल्यात तू बोट घालून पुसून घेतलंस. माया अशी नसते."

मग मी सांगून टाकलं. इक्वॉलचं, सोया दुधाचं, तिच्या जीवाणूंचं. सांगताना आवाज चढत गेला. "सगळं तुझ्याकडेच कसं येतं? मी आजारी पडायचं, तू गुटगुटीत. मी भाजायचं, तू गार. तुला मुलगी. आणि आता तुझं पोटसुद्धा माझ्याहून चांगलं."

ती हातातलं पातेलं खाली ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं, आता भांडेल. मी भांडणाच्या तयारीतच होते.

"मग सांगायचंस ना," ती म्हणाली. "दोन घास जास्त ठेवले असते."

आणि तिनं खरंच ठेवले. त्या दिवसापासून ती ताटात मुद्दाम थोडंसं ठेवून उठायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. "खा गो, पोटभर खा माझे जंतू," म्हणायची. ती इतक्या सहज देत होती की मला ते गिळणं अवघड जायला लागलं. चोरून घेतलेला घास गोड लागायचा, दिलेला लागत नव्हता. ती जर एकदा तरी हात आखडता घेती तर मी तिच्यावर मनसोक्त रागावू शकले असते. तेवढंही तिनं मला मिळू दिलं नाही.

गणपतीआधी भाची आली तेव्हा ताईनंच तिला सगळं सांगितलं. भाची हसली नाही. म्हणाली, "मावशी, ते जीवाणू हवेत जगत नाहीत. उष्ट्यातून, पेल्यातून असे येऊन बसतील असं मला वाटत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात आधीच सगळी गर्दी असते. नव्याला जागा मिळत नाही." तरीही माझ्या हट्टापायी पुन्हा मी सोयाबीन खाल्लं, पुन्हा कोळणीचा बर्फ घेतला. निकाल तोच. नाही.

ताईचा अपघात त्याच हिवाळ्यात झाला. सुपारीची झावळ वरून सुटून पडली आणि तिचा टोकदार बुडखा ताईच्या पोटरीत घुसला. तिनं हळद दाबून पट्टी बांधली आणि दोन दिवस कामं करत राहिली. मग पाय सुजला, लाल झाला, ताप चढला. तिच्या नवऱ्यानं माणगावला नेऊन तिला दवाखान्यात दाखल केलं. मी तशीच निघाले.

तिला शिरेतून जोरकस अँटिबायोटिक चालू होती. एक बाटली संपली की दुसरी. मी तिच्या उशाशी बसून असायचे. तापात तिचं अंग तापायचं आणि घामानं भिजायचं, तेव्हा मी तिचा गळा पुसायचे. एकदा तिनं डोळे उघडून विचारलं, "असंच होतं का गं तुला? वाफा येतात त्या?"

"जवळपास."

"वाईट आहे," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली. इतक्या महिन्यांत तिला ते पहिल्यांदाच कळलं होतं. मला बरं वाटलं. कुठल्या प्रकारचं बरं, ते मी तपासत बसले नाही.

पाय वाचला. घरी आल्यावरही गोळ्या बरेच दिवस चालल्या. मी राहिले, चुलीला लागले, सुपाऱ्या फिरवल्या, तिला धरून अंगणात चालवलं. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी भाची आली आणि जरा संकोचूनच म्हणाली, "आई, पुन्हा एकदा सोयाबीन खाशील? मला बघायचंय, इतक्या औषधांनंतर काय उरलंय ते." ताईनं कुरकुर करत खाल्लं.

निकालाचा फोन भाचीनं माझ्याच मोबाइलवर केला, कारण ताईचा चार्जिंगला होता. मी मागच्या दारी होते.

"आईचंही गेलं, मावशी. इक्वॉल दिसतच नाही आता."

माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. हे मी खोटं सांगणार नाही. पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. आता आम्ही सारख्या, अगदी मनगटातल्या दोऱ्यांच्या दिवसांसारख्या. लगेच दुसरंही वाटलं, आणि ते जास्त टोचलं: जे निदान आमच्यापैकी एकीकडे होतं, ते आता दोघींकडेही नाही. इतके दिवस ते माझं नाही म्हणून मी जळत होते. पण ते कुठेतरी होतं, माझ्या चेहऱ्याच्या दुसऱ्या बाईत होतं, याचाही मला कुठेतरी आधार होता.

मी आत गेले. ताई पाय लांब करून लसूण सोलत बसली होती. मी तिला सांगितलं. आवाज मऊ ठेवून, जपून सांगितलं. मला वाटलं, वाईट वाटून घेईल.

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? तुझ्याकडचं ते गेलं."

"होतं तेव्हा तरी मला कुठे कळलं होतं? गेलं ते कसं कळणार?" तिनं सोललेला लसूण माझ्याकडे सरकवला. "पिठल्याला एवढा पुरे का अजून हवा?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा माझाच चेहरा. तिच्याही कपाळावर माझ्याच जागी आठी पडते. पण त्या चेहऱ्यावर खरोखर काहीच नव्हतं. ती सोसत नव्हती, मोठेपणा दाखवत नव्हती. तिला वाटतच नव्हतं. तिच्या त्या न वाटण्याचा मला तेव्हा जितका हेवा वाटला तितका तिच्याकडच्या कुठल्याही गोष्टीचा कधी वाटला नव्हता, आणि हे काही लघवीच्या बाटलीत सापडणारं नव्हतं.

"अजून चार पाकळ्या घाल," मी म्हटलं.

भाचीच्या म्हणण्याप्रमाणे ते जीवाणू परतही येऊ शकतात. थोडे कुठेतरी दडून राहिले असतील तर हळूहळू वाढतील. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं. ताईनं साफ नाही सांगितलं. "आता पुन्हा तो खुराक न्हाय. माझ्या पोटात जे हाय ते हाय." लेकीनंही मग हट्ट केला नाही.

मीच करते आहे. वाफा माझ्या आता कमी झाल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशा आपल्या आपण ओसरत चालल्यात. सोया दूध मी केव्हाच सोडलं. तरीही भाचीला फोन केला की मी विषय काढते. परवाही काढला.

"आईला पटव ना एकदा. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मावशी, तुला कशाला कळायला हवंय?"

मी म्हटलं, "तुझ्या अभ्यासासाठी." मग तिनं विचारलं की यंदा किहीमच्या खोल्यांना गिऱ्हाईक कसं आहे, आणि मी तिला ते सांगत बसले.